द्राक्षबागेतल्या प्लेटा कुणी खोलल्या?

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. लग्नाकार्यात भेटणारी मंडळी म्हणतात, साहेब, एखादा खून, एखादा दरोडा सांगा की. खून आणि दरोडे मी पाहिले, पण ते सांगताना मला मजा येत नाही. मनात पक्की बसली आहे ती निफाड तालुक्यातली सौरपंपांची चोरी. तिच्यात रक्त सांडलं नाही की पाठलाग झाला नाही. पण पेठ तालुक्यातल्या एका मुलीची पहिली मोठी नोकरी माझ्या हातात अडकली होती, आणि माझा हात काही तेव्हा फार शहाणा नव्हता. नाव कुणाचंच सांगणार नाही. चूक माझी होती, तेवढी मात्र सांगतो.

मी तेव्हा निफाडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकून बागा फुटल्या होत्या. त्या दिवसांत द्राक्षवाला शेतकरी बायकोशीसुद्धा धड बोलत नाही. त्याचं सगळं लक्ष पाण्याकडे आणि आभाळाकडे. सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा पहिला घोट घेतोय तोच एक बागायतदार आत आला.

“साहेब, प्लेटा गेल्या.”

सौर पॅनलला आमच्याकडे खेड्यात कुणी पॅनल म्हणत नाही. प्लेट म्हणतात.

“किती?”

“सहा. मोटार नाय नेली, पेटी नाय फोडली. फकस्त प्लेटा. आन् त्या बी नटबोल्ट खोलून, लेकीला सासरी धाडावी तशा जपून. काल सकाळी लग्नाला गेलतो, आज येऊन बघतो तर निस्ता सांगाडा.”

गुन्हा दाखल केला, बीट अंमलदाराने पंचनामा केला. आठवड्याभरात दुसऱ्या गावात तसंच. मग तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी मळा गावापासून लांब, तिन्ही ठिकाणी मालक एक दिवस गैरहजर, आणि प्लेटा व्यवस्थित खोललेल्या. चोरी म्हणजे रात्रीची, असं आम्ही धरून चाललो. मी रात्रीची गस्त दुप्पट केली. माझी पोरं आठवडाभर डास मारत फिरली आणि पदरात काही पडलं नाही.

माझ्याकडे एक जुने हवालदार होते. माणूस कामाला चोख, पण तोंडाने तिखट. ते म्हणाले, “साहेब, हे भुरट्याचं काम नाही. भुरटा वायर कापतो. हे शिकलेल्याचं काम.”

मला ते पटलं. आणि तिथेच आमची गाडी चुकीच्या रस्त्याला लागली.

खबर दिली ती एका पंक्चरवाल्याने. त्याचं दुकान तिठ्यावर होतं, येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या डोळ्याखालून जायची. तो म्हणाला, “साहेब, तिन्ही बागांत चोरीच्या आधी एक पोरगी येऊन गेलीय. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीला अवजाराची बॅग. पेठकडची हाय म्हणत्यात. आता इकडं दिसत नाय.”

पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पट्ट्यातली माणसं दर हंगामात निफाडच्या बागांत मजुरीला येतात. डोळ्यांना ती सवय झालेली. पण तिकडची मुलगी हेल्मेट घालून सोलर दुरुस्त करते, हे कुणाच्या पचनी पडलेलं नव्हतं. हवालदार म्हणाले, “खाली मुंडी, पाताळ धुंडी.” मी त्यांना गप्प केलं नाही. मनातून मलाही तसंच वाटत होतं, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू?

सौरपंपांची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, मुलगी आयटीआय झालेली, वर सोलरचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेलं, कामाला वाघ. पण आठच दिवसांपूर्वी तिने काम सोडलं. एका मोठ्या सौर प्रकल्पावर तिची निवड झाली होती. आता दहा दिवसांत तिला तिथे हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला द्यायचा होता. दाखला नाही तर नोकरी नाही.

चोऱ्या झाल्या आणि मुलगी काम सोडून गेली. आम्हाला आणखी काय हवं होतं? मी पेठच्या ठाण्याला फोन लावला आणि म्हणालो, “त्या मुलीचा पडताळणीचा अर्ज तूर्त थांबवा.” एक फोन, अर्धा मिनिट. तिचा दाखला तिथे अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई सोबत देऊन मी जीप तिच्या पाड्यावर पाठवली. कायदा असं सांगतो की बाईमाणसाकडे चौकशी करायची तर तिच्या घरी जाऊन करावी. हा नियम मला तोंडपाठ होता. परीक्षेत त्यावर मला मार्कही मिळाले होते. तरी जीप पाठवली, कारण माझ्या खुर्चीतून विचारपूस करणं मला सोयीचं होतं.

मुलगी आली. तेवीस-चोवीसची, सावळी, अंगाने किरकोळ. रडली नाही, ओरडली नाही. माझ्या टेबलासमोर बसली आणि तिने पहिला प्रश्न मलाच विचारला.

“साहेब, संध्याकाळच्या आत घरी सोडणार ना? आई काही खाणार नाही तोवर.”

“खरं बोललीस तर सोडू,” मी म्हणालो. पोलिसांचं हे वाक्य अगदी ठरलेलं. किती निर्लज्ज वाक्य आहे ते, हे समोरच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

तिच्या बॅगेत एक जाड वही सापडली. हवालदारांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. पानापानावर बागायतदारांची नावं, गट नंबर, कुणाकडे किती प्लेटा, आणि खाली बारीक अक्षरात शेरे: “मालक दुपारी नसतात.” “गेटची किल्ली शेजारच्या मळ्यात.” “कुत्रा आहे, बांधून ठेवतात.”

“साहेब, हा तर चोरीचा नकाशा!” हवालदार म्हणाले.

मी वही तिच्यापुढे सरकवली. “काय आहे हे?”

“सर्व्हिसची वही. पुढच्या वेळी जो जाईल त्याला हेलपाटा पडू नये म्हणून लिहिते. आमच्यातलाच कुणी गेला अन् गेट बंद, तर दिवस वाया जातो.”

“आणि हे लांबलचक आकडे कसले?”

“प्लेटेच्या मागं स्टिकर असतो. प्रत्येकीचा नंबर वेगळा. आमच्या सरांनी शिकवलंय, प्लेट बघितली की नंबर उतरवायचा. काच तडकली, वीज कमी बनायला लागली, तर कंपनी आधी नंबर मागते.”

“बरं. या तीन चोऱ्यांच्या रात्री तू कुठे होतीस?”

“साहेब, रात्रीच गेल्या हे कुणी सांगितलं?”

हवालदार भडकले. “ए, प्रश्न आम्ही विचारतो इथं!”

“विचारा ना. पण मला एक सांगा, प्लेटा गेल्या, वायरी राहिल्या ना? वायरीच्या टोकाला काय दिसलं?”

मी पंचनामे काढले. तिन्हींत एकच वाक्य होतं: वायरी लोंबकळत असलेल्या आढळल्या. टोकाला काय होतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं नाही, हवालदारांनी पाहिलं नाही, आणि ज्याने पंचनामा लिहिला त्याला तर वायर म्हणजे वायर.

“मला एकदा तिथं न्या,” ती म्हणाली. “पळून जाणार नाही. पळून जाईन कुठं, माझं हेल्मेटपण तुमच्याकडंच आहे.”

तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं. मी ते दाबलं.

सगळ्यात शेवटची चोरी जवळच्या मळ्यात झाली होती. तिथे गेलो तेव्हा ऊन चांगलं होतं. सांगाड्यावर आठ प्लेटा उरल्या होत्या. मुलीने बॅगेतून रबरी हातमोजे काढले, घातले, आणि आधी पंपाच्या पेटीकडे जाऊन एक जाड खटका खाली ओढला.

हवालदार म्हणाले, “पंप तर बंदच आहे की. आता काय बंद करतेस?”

“पंप बंद आहे काका, प्लेट बंद नाही. ऊन आहे तोवर प्लेट बंद नसते. तिला झाकाल तेव्हाच ती झोपते.”

मग तिने लोंबकळणाऱ्या वायरीचं टोक उचलून माझ्यासमोर धरलं. टोकाला काळ्या प्लास्टिकचा जोड होता, ज्याला ते लोक कनेक्टर म्हणतात. एका बाजूने तो मेणासारखा वितळला होता. आतली धातूची पिन करपून गेली होती.

“हे बघा साहेब. पंप चालू असताना हे कुणीतरी ओढून काढलंय. घरातल्या विजेची ठिणगी उडाली की लगेच विझते. ही विझत नाही, धरून ठेवते. रात्री नेल्या असत्या तर हे जळालंच नसतं. अंधारात प्लेटेत वीज कुठं असते?”

म्हणजे चोऱ्या भर दुपारी झाल्या होत्या. मालक गावाला गेलेला, पंप आपला आपण चालू, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला हेल्मेट आणि चमकणारं जाकीट घातलेला माणूस प्लेटा खोलताना दिसला तरी वाटणार, कंपनीचा माणूस आहे, दुरुस्तीला आलाय. आणि मी रात्रभर पोरांना डासांच्या ताब्यात दिलं होतं! मला स्वतःचीच लाज वाटली.

ती पुढे बोलत होती. “अजून एक. ही जोडाची कडी तुटलेली नाही, बरोबर दाबून सोडवलीय. त्याला खास पाना लागतो. म्हणजे ज्यानं हे केलं त्याच्याकडं पाना आहे, पाना कसा लावायचा हे माहीत आहे, पण आधी खटका पाडायचा हे माहीत नाही. आमच्याकडं पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवतच नाहीत. आधी खटका, मग हात.”

“असा माणूस कुठला?”

“सर्टिफिकेट आहे, शिक्षण नाही, असे रग्गड आहेत साहेब. अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले.” मग ती वितळलेल्या जोडाकडे बघत म्हणाली, “पण त्याचा हात भाजला असणार. बोटांची टोकं. इतकं प्लास्टिक वितळलंय, तर बोट कसं सुटेल?”

बाकीच्या दोन मळ्यांतही तिला नेलं. तिथले जोड काळे पडले होते, वितळले नव्हते. तिच्या मते त्या दोन्ही दिवशी पंप कमी जोरात चालत असणार. तिसऱ्या वेळी तो फसला.

परतताना जीपमध्ये हवालदार म्हणाले, “साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? भाजलेला हात शोधू.” आणि त्यांनी गाडी थांबवून मुलीला उसाचा रस पाजला. स्वतःच्या खिशातून. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सूर्य मावळायच्या आत तिला घरी पोचवायला गाडी निघाली. जाताना तिने विचारलं, “माझा अर्ज?”

“बघतो,” मी म्हणालो.

पेठला फोन त्याच क्षणी लावायला हवा होता. नाही लावला. तपास पुरा होऊ दे, म्हटलं. तिच्याबद्दल मनात शंका उरली नव्हती, तरी चुकलो हे इतक्या लवकर कबूल करायची तयारी नव्हती. अधिकारीपणाची ही खोड फार वाईट.

दुसऱ्या दिवसापासून माझी माणसं दवाखाने आणि औषधाची दुकानं फिरली. तिसऱ्या दिवशी एका खेड्यातल्या डॉक्टरने सांगितलं, “एकजण आला होता. म्हणाला, चहाच्या पातेल्यानं भाजलं. पातेल्यानं भाजलं तर सगळा तळवा लाल होतो, फोड येतात. याच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला काळे खड्डे होते. पातेलं चिमटीत कोण धरतं?” मी त्या डॉक्टरला मनातल्या मनात सलाम केला.

डॉक्टरच्या वहीतल्या नाव-पत्त्यावरून त्या माणसाला आणलं. तिशीच्या आतला तरुण, शहरातला, चांगल्या घरचा वाटत होता. उजव्या हाताला पट्टी. मी चहा मागवला. त्याने ग्लास डाव्या हाताने उचलला. मी चोरीचं काहीच विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोललो, बागा कशा आहेत, थंडी पडेल का. मग खिशातून तो वितळलेला जोड काढून टेबलावर ठेवला.

“याचा खटका कुठे असतो रे?”

तो त्या जोडाकडे बघत राहिला. मी पंचवीस-तीस वर्षं माणसांचे चेहरे वाचत आलो होतो. चोर पकडला गेला की आधी दार कुठे आहे ते बघतो. याने दाराकडे बघितलंच नाही. त्याचे डोळे भरून आले.

“कुणी सांगितलंच नाही साहेब,” तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील: सोलर टेक्निशियन बना, नोकरीची हमी. अशीच एक जाहिरात पाहून तो एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत पोचला. सहा दिवसांचा कोर्स. त्यातले चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ, पाचव्या दिवशी एक प्लेट हाताळायला, ती पण सावलीत, खोलीच्या कोपऱ्यात. सहाव्या दिवशी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि अवजारांची बॅग. त्या बॅगेत तो पाना होता. नोकरीची हमी मात्र जाहिरातीतच राहिली.

आमच्या त्याच ठेकेदाराने त्याला कामावर घेतलं आणि दहा दिवसांत काढलं, कारण त्याला काही येत नव्हतं. काढलं, पण कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याचं नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. त्या ग्रुपवर मुलगी आपल्या वहीतले शेरे टाकायची. आज अमुक बाग झाली, मालक परवा लग्नाला जाणार आहेत, तेव्हा कुणी जाऊ नका, हेलपाटा होईल. ज्याला काही येत नव्हतं तो घरी बसून हे वाचत होता. एक पिकअपवाला त्याला भेटला, आणि दोघांनी धंदा सुरू केला.

प्लेटा एका रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये सापडल्या. जास्तीच्या सापडल्या, म्हणजे दुसऱ्या ठाण्यांच्या हद्दीतल्याही होत्या. आता पंचाईत अशी की सगळ्या प्लेटा सारख्याच दिसतात. शेतकऱ्यांना ओळख पटवायला बोलावलं तर एक म्हणाला, “साहेब, गाय आसती तर वळखली आसती. ही काच कशी वळखू?” तेव्हा आम्ही मुलीची वही उघडली. पंचांसमक्ष एकेका प्लेटेच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि वहीतल्या नंबराशी लावला. आमच्या तिन्ही मळ्यांतल्या प्लेटा बिनचूक जुळल्या. ज्या वहीला आम्ही चोरीचा नकाशा म्हणालो होतो, तिच्याच जोरावर मुद्देमाल कोर्टात उभा राहिला. त्या दोन खोल्यांच्या संस्थेवर फसवणुकीचा वेगळा गुन्हा दाखल झाला.

वहीची खात्री करायला मी मुलीला शिकवणाऱ्या सरांकडेही गेलो होतो. वीज खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना कमरेला पट्टा बांधून छतावर चढायला शिकवत होते. म्हणाले, “साहेब, आता या कामाला मरण नाही. घराच्या छतावर प्लेटा, शेतात पंप, माळरानावर मोठे प्रकल्प. बसवायला माणूस हवा, छत मोजून आराखडा करायला हवा, वर्षानुवर्षं देखभालीला हवा. शिकलेली पोरं स्वतःचं दुकान टाकतात. पण कंपन्या माझ्याकडं येऊन रडतात. कागद घेऊन येणारे पाचपन्नास, आणि खटका कुठं आहे हे सांगणारा एखादाच.” मग मला चहा देत म्हणाले, “माझी ती पोरगी त्यातली आहे हो. तिला का नेलंत तुम्ही?” मी चहा तसाच टाकून निघालो.

सरांकडून आल्यावर पेठला फोन मी त्याच दिवशी लावला. तिथल्या फौजदाराने दाखला लगेच तयार केला, पण म्हणाला, “साहेब, दाखला न्यायला कुणी येईना. वडील म्हणतात, पोरीला पाठवायचं नाही.”

तिला हजर व्हायला दोन दिवस उरले होते.

मी हवालदारांना घेऊन पाड्यावर गेलो. वाटेत पेठला घेतलेला दाखला माझ्या खिशात होता. दुपारची वेळ, पण आमची गाडी बघून माणसं जमली. पोलीस पाटील आले, बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मुलीचे वडील पुढे आले. दर हंगामात निफाडला मजुरीला येणारा माणूस. आमच्या हद्दीतल्या बागांत त्याने किती वर्षं डोक्यावर टोपल्या वाहिल्या असतील, देव जाणे.

“आता काय ऱ्हायलं, साहेब?” त्याने विचारलं.

“चोर सापडला. तुमच्या मुलीचा काही संबंध नाही. तिच्यामुळेच सापडला.”

“ते आम्हाला आधीच ठावं व्हतं.” तो शांतपणे बोलत होता, त्यामुळे जास्त लागत होतं. “पाड्यातली पयली पोर शिकाया धाडली मी. लोकं म्हनत, कशाला? मी ऐकलं नाय. आता लोकं म्हनतात, शिकून काय आनलं, तर पोलिसांची गाडी. कुनीतरी मोबाइलवर टाकलं, पोर चोरीत धरली म्हनून. आता मी तिला कुठं नाय धाडनार. बागेत कामाला येईल माझ्यासंगं.”

मुलगी दारात उभी होती. तिने मान वर केली नाही. जिने उन्हात उभं राहून मला धडा शिकवला होता, ती आता आपल्याच दारात अशी उभी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं होतं, आणि दोर अजून तिच्या गळ्यात होता.

मी टोपी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “चूक माझी झाली. या मुलीने काही केलेलं नाही. मी तिची आणि तुमची सगळ्यांची माफी मागतो.”

गर्दीत कुजबुज झाली. वर्दीतल्या माणसाने माफी मागितलेली त्या पाड्याने पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही तोवर मागितली नव्हती. मला वाटलं, झालं. आता बाप विरघळेल.

पण बोलली ती मुलगी.

“साहेब, लिहून द्या.”

“अगं, सगळ्यांसमोर बोललो की.”

“तुम्ही जाल. मोबाइलवरचं जाणार नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?”

बरोबर होतं तिचं. जीपमधून लेटरपॅड मागवलं आणि पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून लिहिलं. इतक्या वर्षांच्या सरावाने हात आपोआप चालतो: सदर तरुणीस चोरीच्या गुन्ह्यात चौकशीसाठी बोलावण्यात आले होते. तपासात तिचा कोणताही संबंध नसल्याचे निष्पन्न झाले असून तिच्याच मदतीने गुन्हा उघडकीस आला आहे. सही केली, शिक्का मारला, कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे परत धरला.

“बोलावलं नव्हतं साहेब. आणलं होतं. सगळ्या पाड्यानं बघितलंय.”

हवालदार खाकरले. पाटील दुसरीकडे बघायला लागले. मला राग आला. म्हटलं, ही पोर माफी घेऊन गप्प बसेना! पण सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि ती जे म्हणत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी दुसरा कागद घेतला. लिहिलं: सदर तरुणीस माझ्या आदेशावरून, नियम डावलून, तिच्या घरून गाडीत घालून ठाण्यात आणण्यात आले. ही माझी चूक आहे. पुढचं सगळं तसंच. सही आणि शिक्का.

बाप म्हणाला, “मोठ्यानं वाच.”

तिने वाचलं. बापाने तिच्या हातातून कागद घेतला, उलटा-सुलटा करून शिक्का बघितला, घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मग ओट्यावरच्या बायकोला म्हणाला, “भाकरी बांधून ठेव. सकाळच्या एसटीनं जायाचंय तिला. मी बी जाईन पोचवाया.”

मी दाखला काढून मुलीच्या हातात दिला आणि निघालो.

ती वेळेत हजर झाली. नंतर तिने काय केलं, कुठवर पोचली, हे सांगायचा हक्क तिचा आहे, माझा नाही. माझ्याबद्दल तेवढं सांगतो. “चौकशीसाठी बोलावले” हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. त्यातली किती माणसं स्वतःच्या पायांनी आली होती, ते मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक आहे. त्या दिवसानंतर स्टेशन डायरी लिहिताना त्या शब्दापाशी पेन थांबायचं. काही वेळा मी खरं लिहिलं. काही वेळा नाही लिहिलं, आता निवृत्तीनंतर खोटं कशाला बोलू? माझं लिहिलेलं तपासणारे सगळे माझ्या वरचे अधिकारी होते, आणि त्यांनाही तो शब्द सोयीचा होता. समोर उभं राहून तो खोडायला लावणारी ती एकटीच. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. आता वाटतं, अशी माणसं मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच भेटायला हवी होती.